१३४ पत्रे आणि एक निळी प्रत : शाळेवरील ॲस्बेस्टॉस उतरवणाऱ्या सेवेचे परीक्षण

गेल्या मे महिन्यात लातूर जिल्ह्यातील आमच्या संस्थेच्या माध्यमिक शाळेच्या पाच वर्गखोल्या आणि त्यांच्यापुढील व्हरांडा यांवरील ॲस्बेस्टॉस सिमेंटचे १३४ पत्रे आम्ही एका खासगी कंपनीकडून उतरवून घेतले. संस्थेचा सचिव या नात्याने दरपत्रके मागवण्यापासून शेवटचा कागद फायलीला लागेपर्यंत हे काम माझ्याकडे होते. मराठवाड्यातील कितीतरी शाळांवर असेच पत्रे आहेत आणि तेथील मुख्याध्यापकांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून या सेवेचे गुणदोष सविस्तर नोंदवत आहे. कंपनी पुण्याकडची आहे. तिच्याविषयी माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्यांबाबतचा पत्रव्यवहार अजून चालू आहे, त्यामुळे तिचे नाव येथे लिहीत नाही. थोडक्यात मत सांगायचे तर पत्रे उतरवण्याचे प्रत्यक्ष काम उत्तम झाले, माणसांची काळजी पहिल्या दिवशी चांगली आणि दुसऱ्या दिवशी ढिली होती, आणि कागदपत्रे मात्र पिच्छा पुरवल्याशिवाय मिळाली नाहीत.

या खोल्यांवर पूर्वी माळवद होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने जे केले, ते पाहिल्यानंतर औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात दगडमातीच्या भिंतींवर मातीचे जड छत ठेवून त्याखाली मुले बसवण्याची हिंमत कोणात उरली नव्हती. आमच्या तेव्हाच्या संचालक मंडळाने माळवद उतरवले, लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, बसवल्या आणि वर सिमेंटचे पन्हाळी पत्रे टाकले. हा पत्रा मातीच्या छतापेक्षा फारच हलका, टिनाच्या पत्र्यापेक्षा कमी तापणारा, गंज न धरणारा आणि संस्थेच्या खिशाला झेपणारा होता, त्यामुळे त्या निर्णयाला आज नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. पुढे मात्र छपराची दशा होत गेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने काही पत्रे तडकले. चिंचेवरून छपरावर उड्या मारणाऱ्या वानरांनी आणखी काही फोडले. पंखे आणि वायरी बसवताना वायरमनने वाटेल तेथे भोके पाडली. एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी त्याच शाळेत शिक्षक असताना उन्हाळ्याआधी छपराला चुना मारण्याचा उपक्रम दोन-तीन वर्षे राबवला होता, आणि चुना नीट धरावा म्हणून शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढायला नववी-दहावीची मुले माझ्याच देखरेखीखाली शिडीवर चढली होती. या पत्र्याला जे करू नये असे सांगतात त्यात कोरडे घासणे अगदी वरच्या ओळीत येते, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळले.

पत्रा धड असेल आणि त्याला कोणी हात लावत नसेल, तर त्यातील ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. तो फोडला, कापला, भोसकला किंवा ऊनपावसाने त्याचा वरचा थर भुसभुशीत झाला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत येतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीसाठी धरला जाणारा तंतू ५ मायक्रॉनपेक्षा लांब आणि ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, म्हणजे तो श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातो आणि तेथे विरघळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत, आणि त्यात आपल्या पत्र्यांत वापरला जाणारा पांढरा क्रायसोटाइलही येतो. आजार उमटायला साधारणपणे २० ते ५० वर्षे लागतात. साठीतल्या सचिवाला हा हिशेब फारसा लागू होत नाही, परंतु बारा वर्षांच्या मुलीपुढे ती सगळी वर्षे आहेत, आणि शाळेचा विचार वेगळा करावा लागतो तो यासाठी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पत्रे आहेत म्हणून ते उतरवलेच पाहिजेत असे नाही. अमेरिकेत १९८६ साली खास शाळांसाठी जो कायदा झाला, त्याचाही भर सरसकट काढून टाकण्यावर नाही. कोठे काय आहे याची नोंद ठेवा, दर ६ महिन्यांनी पाहणी आणि दर ३ वर्षांनी फेरतपासणी करा, आणि खराब झालेले तेवढे हाताळा, अशी त्याची मांडणी आहे. आपल्याकडे असा शाळांपुरता वेगळा कायदा नाही. आमच्या १३४ पैकी १९ पत्रे तडकलेले किंवा तुटलेले होते आणि वानरांना सांगून काही उपयोग नव्हता, म्हणून आम्ही उतरवण्याचा निर्णय घेतला. त्याच आवारातील सायकल स्टँडवरचे २२ पत्रे धड आहेत, ते आम्ही ठेवले.

दरपत्रके तीन आली. सर्वांत कमी दर देणाऱ्या स्थानिक ठेकेदाराने सांगितले की एका दिवसात छप्पर मोकळे करून देतो, आणि धड पत्रे त्यालाच दिले तर मजुरीही कमी करतो. त्याच्या दृष्टीने तो सरळ व्यवहार होता. दुसऱ्याने दर बरा दिला, परंतु कचरा कोठे नेणार असे विचारल्यावर “त्याची काळजी तुम्ही करू नका” एवढेच उत्तर मिळाले. माझ्या मते हे वाक्य ऐकल्याबरोबर त्या माणसाला चहा पाजून निरोप द्यावा. तिसरी ही कंपनी. तिचा दर पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट होता आणि संचालक मंडळाच्या बैठकीत त्यावर बराच वेळ खल झाला. तिच्या बाजूने कौल पडला त्याचे कारण असे की दर देण्याआधी तिने माणूस पाठवून पत्र्याचा तुकडा तपासणीला नेला होता. हल्ली ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक कळत नाही. ज्या माणसाने आधी पाणी शिंपडून, मास्क लावून, फुटलेल्या कडेचा बोटाएवढा तुकडा दोन पिशव्यांत बंद केला आणि उरलेली कड रंगाने सील केली, त्याला आपले काम कळते अशी माझी खात्री झाली. प्रयोगशाळेच्या अहवालात क्रायसोटाइल असल्याचे आले.

कायद्याची बाजू समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, आणि ती येथे थोडी विस्ताराने लिहितो. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींवर बंधने आली असली, तरी आयात केलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसपासून पत्रे बनवणे आणि विकणे आजही कायदेशीर आहे. म्हणजे शाळेवर असा पत्रा असणे हा गुन्हा नाही. प्रश्न येतो तो टाकून द्यायच्या वेळी. घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत १५ व्या क्रमांकावर ॲस्बेस्टॉसची नोंद आहे आणि तेथे टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस हा स्वतंत्र प्रकार दिलेला आहे. ही नोंद कारखान्यातील उत्पादन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे, त्यामुळे शाळेच्या छपराला ती लागू होते की नाही यावर वाद घालणारे भेटतात. स्थानिक ठेकेदारानेही तो घातला. माझे मत असे की हा वाद शाळेने आपल्या खर्चाने लढवू नये. त्याच नियमांतील २३ वा नियम चुकीच्या हाताळणीमुळे पर्यावरणाची किंवा तिसऱ्या कोणाची हानी झाली तर तिची जबाबदारी कचऱ्याच्या धारकावर टाकतो, आणि धारक म्हणजे ज्याच्या आवारात तो तयार झाला तो, म्हणून आम्ही. तेव्हा घातक कचरा समजूनच काम करायचे असे ठरवले आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला तसे लेखी कळवले.

एकदा हे मान्य केले की पुढची वाट आखलेली आहे. बांधलेल्या मालावर आठव्या नमुन्यातील लेबल, वाहनचालकाजवळ नवव्या नमुन्यातील आपत्कालीन माहिती, आणि मालाबरोबर दहाव्या नमुन्यातील मॅनिफेस्ट, म्हणजे माल कोणी पाठवला, कोणी नेला आणि कोणी स्वीकारला याचे पत्रक. या मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा असतो. पांढरी पाठवणाऱ्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची, गुलाबी माल स्वीकारणाऱ्या विल्हेवाट केंद्राची, नारिंगी वाहतूकदाराची, हिरवी केंद्राने मंडळाला पाठवायची आणि निळी केंद्राने पाठवणाऱ्याला परत करायची. सातवी, करड्या रंगाची, माल परराज्यातून आला असेल तरच लागते. या सातांत शाळेच्या दृष्टीने निळीचे मोल सर्वांत जास्त आहे, कारण माल वाटेत कोठे रिकामा न होता केंद्रावर पोचला याचा पुरावा तीच देते. आमच्या कंपनीने कराराच्या मसुद्यात पाठवणारा म्हणून स्वतःचे नाव घातले होते. तसे झाले असते तर निळी प्रत त्यांच्याकडे गेली असती आणि आमच्या फायलीत त्यांच्या शब्दाखेरीज काही उरले नसते. तो रकाना आम्ही बदलून घेतला. माल पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रावर जायचा होता, आणि दरातला मोठा भाग वाहतुकीचा व तेथील शुल्काचा होता.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. निकाल लागून शाळा बंद झाल्यावर, शिक्षकांचीही ये-जा थांबल्यावर, सलग तीन सकाळी काम झाले. वेळ सहा ते साडेदहा. चाळिशी पार केलेल्या पाऱ्यात अंगभर बंद सूट आणि तोंडावर घट्ट मास्क घालून त्यापुढे काम करणे माणसाला झेपणारे नाही, आणि दुपारी वावटळ उठते, हे दोन्ही त्यांच्या पर्यवेक्षकाने आपण होऊन सांगितले. आदल्या संध्याकाळी तो आणि आमचा शिपाई शाळेच्या तिन्ही बाजूंच्या घरांत जाऊन आले. मे महिना म्हणजे प्रत्येक गच्चीवर कुरडया, पापड आणि सांडगे वाळत पडलेले असतात. तीन दिवस वाळवण आत घ्यावे, पाण्याचे हौद झाकावेत आणि खिडक्या लावून घ्याव्यात अशी विनंती त्याने घरोघरी केली. कोणत्याही नियमावलीत कुरडयांचा उल्लेख नसावा, पण या माणसाने ते पाहिले, याचे मला कौतुक वाटले. एका आजींनी त्याला ताजा पापडही भाजून दिला.

पत्रा उतरवताना तो ओला असावा लागतो. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात मे महिन्यात छपरावर पाणी मारणार म्हटल्यावर गावात कुजबुज होणारच होती. प्रत्यक्षात पाणी फार लागले नाही. मोठ्या पाइपने जोरात पाणी मारले तर उलट वरचा भुसा उडतो आणि ओघळून जमिनीत जातो. त्यांनी सोयाबीनवर फवारणी करतात तसले पाठीवरचे बॅटरी पंप आणले होते, त्यात पाण्याबरोबर थोडा साबण टाकला होता, म्हणजे पाणी पृष्ठभागावर न थांबता आत मुरते. बारीक तुषारांनी एकेक ओळ भिजवायची, मुरू द्यायचे, आणि मगच बोल्टला हात घालायचा. मागवलेल्या टँकरमधले निम्म्याहून अधिक पाणी माणसांच्या अंघोळीला लागले, आणि ते तसेच असायला हवे.

पत्रे कैच्यांना अडकवून धरणारे, गंजलेले जे-हुक बोल्ट हा या कामातला खरा कसाला लावणारा भाग होता. आपल्याकडे अशा वेळी हातोडा नाही तर कटर मशीन चालते. कटरचे पाते बोल्टबरोबर पत्र्यातही शिरते आणि पांढरी धूळ उसळते. या लोकांनी सगळे बोल्ट लांब दांड्याच्या हाती कातरीने कापले आणि जेथे कातर पोचत नव्हती तेथे परांचीवरून खालच्या बाजूने सोडवले. पत्रे ज्या क्रमाने बसवले होते त्याच्या उलट क्रमाने एकेक निघाला. अडीच मीटरचा एक पत्रा सुमारे ३५ किलोचा असतो. तो दोघांनी उचलून, फळ्यांवरून सरकवत, हातोहात खाली दिला. तीन दिवसांत एकही पत्रा वरून टाकला गेला नाही. आधीच तडकलेले १९ पत्रे चिकटपट्टीने बांधून घेतले होते, तरी त्यांतील दोन उतरवताना मोडलेच, तेव्हा काम थांबवून तुकडे ओले करून पिशव्यांत भरले गेले. खाली आलेला पत्रा जाड पॉलिथिनमध्ये दुहेरी गुंडाळून, शिवण टेपने बंद करून, त्यावर पिवळे लेबल लावून बाजूला ठेवला जाई. लेबलवर धोक्याचा मजकूर मराठीतही होता, जसा नियमानुसार असावा लागतो.

एक गोष्ट मला स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण ॲस्बेस्टॉसच्या चर्चेत ती मागे पडते. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. तंतूने होणारा आजार तीस वर्षांनी येईल, पण पत्रा फुटून चौदा फुटांवरून फरशीवर पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. छपरावर पाय पत्र्यावर न ठेवता आडव्या टाकलेल्या रुंद फळ्यांवर ठेवायचा, कमरेला सेफ्टी बेल्ट आणि तो कैचीला बांधलेल्या दोराला, आणि खाली जाळी, या तिन्ही गोष्टी या कंपनीने पाळल्या. स्थानिक दरपत्रकात यातले काहीच नव्हते. दर तिप्पट का, असे विचारणाऱ्या आमच्या एका संचालकांना मी पहिल्या सकाळी मुद्दाम दोरीच्या बाहेर उभे करून हे दाखवले. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

मास्कबद्दल. नाकाला रुमाल बांधणे किंवा कोरोनाकाळातला निळा कापडी मास्क लावणे या धुळीपुढे निरुपयोगी आहे. रबरी कडा चेहऱ्याला चिकटून बसणारा, बदलता येणाऱ्या फिल्टरचा अर्धमुखी मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही फटीतून हवा आत घेतो. कंपनीच्या आठही माणसांनी गुळगुळीत दाढी केलेली होती. माणसे बाहेर येताना आधी एकमेकांचे सूट ओल्या फडक्याने पुसत, मग सूट उलटा करून काढत, मास्क सर्वांत शेवटी. वापरलेले सूट त्याच कचऱ्यात जात. आत बिडी, तंबाखू, पाणी काहीही नाही. शेवटी भिंतींचे माथे, कैच्या आणि फरशी यांवरची धूळ, अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने काढली गेली. आमच्या सेविका सवयीने खराटा घेऊन आल्या होत्या. पर्यवेक्षकाने त्यांच्याजवळून तो नम्रपणे काढून घेतला आणि काम संपेपर्यंत परत दिला नाही.

येथपर्यंत सगळे छान झाले असे वाटेल, म्हणून आता तक्रारी.

दुसऱ्या सकाळी गुंडाळलेले पत्रे हलवण्यासाठी गावातले दोन रोजंदार दिसले. त्यांच्या अंगावर नेहमीचे कपडे आणि तोंडाला उपरणे होते. माल बांधलेला आहे, त्याला काय होते, असे पर्यवेक्षकाचे म्हणणे. मोडलेल्या दोन पत्र्यांच्या पिशव्या त्याच ढिगात होत्या, आणि ते कपडे संध्याकाळी घरी कोणीतरी झटकून धुणार होते. मी काम थांबवायला लावले, दोघांना मजुरी देऊन परत पाठवले. ऊसतोडीचा हंगाम संपून माणसे घरी बसलेली असताना दिवसाच्या रोजावर कोणीही मिळतो, पण करारात आठ प्रशिक्षित माणसे लिहिलेली होती. त्याच ओघात मी त्या आठांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद मागितले. १९९५ च्या एका महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांतील जे नंतर येईल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला होता. पत्रे उतरवणारी कंपनी स्वतःला त्या उद्योगात मोजते की नाही हा तिचा प्रश्न. मला नावांची यादी मिळाली, तपासणीचे कागद आजतागायत मिळालेले नाहीत.

दुसरी तक्रार वळचणीच्या मातीची. तीस पावसाळ्यांचे पाणी पत्र्यांवरून ज्या रेषेत खाली पडले, तेथे झिजलेले तंतूही पडलेले असणार, आणि आमची मुले मधल्या सुट्टीत डबा खायला नेमकी त्याच ओट्याच्या कडेला बसतात. वरची दोन बोटे माती ओली करून काढणे हे कामात धरलेले असायला हवे होते. कंपनीने ते धरले नव्हते. मी सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी केले, त्याचे वेगळे पैसे लावले. पन्हाळीत साचलेला गाळ मात्र त्यांनी न सांगता पिशव्यांत भरला, हे नोंदवतो.

तिसरी तक्रार हवेच्या तपासणीची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. काम संपल्यावर पंपाने हवा गाळणीतून ओढून, गाळणीवरचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, प्रति मिलिलीटर ०.०१ तंतूपेक्षा कमी असा अहवाल आम्हाला देण्यात आला. आकडा चांगला आहे. खोल्या वापरात घेण्यापूर्वी ब्रिटनमध्ये हीच पातळी धरतात. परंतु हा नमुना घेतला त्या वेळी खोल्यांना छप्परच नव्हते. उघड्या आभाळाखाली, वाऱ्यावर घेतलेल्या नमुन्यात काय सापडणार? नवे छप्पर पडल्यावर, दारे-खिडक्या लावून, पंखे चालू करून धूळ हलवून मग नमुना घेतला असता तर त्याला अर्थ होता. शिवाय ही साधी मोजणी तंतूचा आकार पाहते, जात ओळखत नाही. कपड्याचा धागा किंवा कापसाचा तंतूही तीत मोजला जाऊ शकतो, आणि शंका आली तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी करावी लागते. कंपनीच्या माणसाला हे सगळे ठाऊक होते. अहवाल दरात धरलेला होता म्हणून तो दिला गेला, इतकेच. जूनमध्ये रंगीत पत्र्याचे नवे छप्पर झाल्यावर आम्ही वेगळ्या प्रयोगशाळेकडून बंद खोल्यांत पुन्हा तपासणी करून घेतली. निकाल समाधानकारक आला, खर्च आम्हालाच पडला.

याच दिवसांत गावाशीही एक बोलणे झाले, ते कंपनीच्या परीक्षणात बसत नाही, पण प्रत्येक शाळेला ते सोसावे लागेल. गुंडाळलेल्या धड पत्र्यांचा ढीग पाहून शेजारचे एक शेतकरी म्हणाले, “गुरुजी, एवढे चांगले पत्रे गाडायला नेऊ लागलात का? आमच्या गोठ्यावर टाकतो की.” त्यांचे म्हणणे चुकीचे म्हणता येत नाही. आतापर्यंत शाळांच्या जुन्या पत्र्यांचे हेच होत आले. जडवस्तू संग्रह नोंदवहीतून वस्तू कमी करायची तर लिलाव करायचा, हीच आम्हालाही माहीत असलेली पद्धत होती, आणि लिलावातून गेलेला पत्रा गोठ्यावर, कडब्यावर, शेवटी तुकडे होऊन पाणंदीच्या खड्ड्यात जातो. आम्ही संचालक मंडळाचा ठराव करून कारण नोंदवले आणि लिलाव केला नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, जाळून टाका. ॲस्बेस्टॉस या ग्रीक शब्दाचा अर्थच न विझणारे असा आहे आणि हे खनिज आगीत जळत नाही, म्हणून तर जगाने ते इतकी वर्षे डोक्यावर घेतले. रांजणगावलाही ते जाळत नाहीत, तळाला अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात.

शेवटची तक्रार कागदांची. ट्रक निघताना मॅनिफेस्टवर वजन ४ टन असे आधीच छापलेले होते. मी गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घेतली, ती ४.९ टनांची निघाली, आणि हिशेबही तसाच येतो. १३४ पत्र्यांचे वजनच पावणेपाच टनांच्या आसपास, त्यात ओल, माती आणि वेष्टन. आकडा खोडून दुरुस्त करून सह्या घेतल्या. अंदाजे कमी लिहिण्यामागे लबाडी असेलच असे नाही, पण तसेच सोडले असते तर पाऊण टनापेक्षा जास्त माल वाटेत उतरला तरी कागदावर तो कधी नव्हताच. त्यानंतर निळी प्रत. पंधरा दिवस वाट पाहिली, मग फोन, मग ईमेल, मग नोंदणीकृत डाकेने पत्र. केंद्राने ती पाठवली आहे असे कंपनी सांगत होती, आणि ती कंपनीच्याच पुण्याच्या कार्यालयात पडलेली होती. एक्केचाळिसाव्या दिवशी ती माझ्या टेबलावर आली. वजन ४.९ टन, स्वीकारणाऱ्याची सही आणि शिक्का. तोपर्यंत देयकाची पूर्ण रक्कम आम्ही अदा करून बसलो होतो, ही चूक आमची.

कोणी विचारले तर मी या कंपनीला पाचांपैकी साडेतीन गुण देईन. अडीच छपरावरच्या कामाचे आणि एक त्या पर्यवेक्षकाचा. नव्या रंगीत पत्र्याखाली उन्हाळ्यात वर्ग तापतात, आतून थर्माकोलची शीट लावावी लागणार आहे, पण तो दोष त्यांचा नव्हे. सायकल स्टँडवरील २२ पत्र्यांची नोंद आता शाळेच्या एका स्वतंत्र वहीत आहे, प्रत्येकाला क्रमांक दिला आहे, आणि त्यांना भोक पाडायचे नाही, घासायचे नाही, चुना लावायचा नाही असे वायरमनपासून शिपायापर्यंत सर्वांना लेखी दिले आहे. पुढची पाहणी दिवाळीच्या सुट्टीत आहे. ते उतरवायची वेळ आली तर बहुधा याच कंपनीला बोलावीन. मात्र वळचणीची माती दरात धरलेली असेल, हवेचा नमुना छप्पर पडल्यानंतरचा असेल, तो घेणारी प्रयोगशाळा आम्ही निवडू, आणि देयकाचा तिसरा हिस्सा निळी प्रत हातात पडेपर्यंत संस्थेच्या खात्यातच राहील.